रिळाला घातलेला स्वेटर

नवरा वारल्यावर महिन्याभरानं ती प्रयोगशाळेतलं त्याचं सामान न्यायला आली, तर फायबरच्या भल्यामोठ्या रिळाला तिनंच विणलेला स्वेटर घातलेला. “हरवला,” म्हणून त्यानं सांगितलं होतं, तेव्हा तिनं रागानं विणायच्या सुया माळ्यावर टाकल्या, त्या टाकल्याच. “काकू, लेझरचा प्रकाश या फायबरमधून, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून, फिरवून रेडिओलहरी तयार करतो,” त्याची विद्यार्थिनी सांगू लागली. “एसीचा वारा लागला तरी लहर बिघडते. काय काय गुंडाळून पाहिलं, शेवटी हाच लागू पडला. सर स्वतः कुडकुडत बसायचे, पण हा काढू द्यायचे नाहीत.” “खुळा माणूस!” ती म्हणाली. “सांगितलं असतं, तर दुसरा विणला नसता का मी?” तिनं बटणं सोडली, तशी शेजारच्या यंत्राच्या पडद्यावरची त्या लहरीची सरळ रेघ थरथरली. तिनं सगळी परत लावली. गळ्याजवळचं, सकाळी दारात त्याचं लावायची तसं. रेघ शांत झाली.