पंगतीतली सुई

मुंजीची पंगत बसत होती. दहा वर्षांची शर्वाणी इन्सुलिनचं पेन मुठीत लपवून उभी होती. "बाई, मी जेवतच नाही. टोचताना सगळे बघतील."

मधुमेह झालेल्या मुलांचा मी दर शनिवारी वर्ग घेते. मला स्वतःला हा आजार चाळीस वर्षं आहे. "अगं, त्यात लाजायचं काय?" मी म्हटलं.

"मग तुम्ही कुठे टोचून घेता?"

"आतल्या खोलीत. दार लावून."

"बघा! आणि मला शिकवताय!"

मी तिला घेऊन पानावर बसले. स्वतःची बाही वर केली आणि सगळ्यांदेखत सुई टोचली. डोळे मात्र घट्ट मिटून घेतले. शेजारच्या काकू दचकल्या. "अगंबाई, फार दुखतं का?"

"छे हो!" शर्वाणीनं आपलं पेन शांतपणे पोटावर टेकवलं. "बाईंची लोकांत पहिलीच वेळ आहे, म्हणून."