पोराचं माप

जव्हार संस्थान विलीन झालं, त्याच वर्षी वेणू बालविकास शिकायला लंडनच्या विद्यापीठात गेली. निघताना तिनं वर्षाच्या लेकाच्या कमरेला सैलसा करदोडा बांधला. “आई, दोन वर्षांत येऊन मीच सोडीन.” म्हणून आजीनं त्या गाठीला हात लावला नाही, रोज सांजवात करताना दिवस मोजले. आज पत्र आलं. गुरुजींनी वाचलं, “अजून एक वर्ष लागेल. अभ्यासासाठी बाळाची उंची, वजन, कमरेचा घेर कळव.” आजी चुलीपर्यंत गेली, परत दारात आली, पुन्हा आत गेली. “बसा, उत्तर लिहायचंय,” गुरुजी म्हणाले. “पोर वाढतं कसं, ते शिकायला विलायतेला गेली बाई,” आजी म्हणाली. अंगणात नातू कंबर खाजवत होता, करदोड्याखाली लाल वळ उठलेला. तिनं दातांनी करदोडा तोडून गुरुजींपुढं ठेवला. “हा पाकिटात घाला. लिहा, पोर आता ह्यात मावत नाही.”