आई कुठे बघते

डॉक्टरांनी काळी पट्टी आईच्या डाव्या डोळ्यासमोर धरली आणि जरा वेळाने झटकन काढली. पट्टीमागे डोळा बाहेरच्या बाजूला सरकला होता. क्षणभर तिथेच रेंगाळला आणि शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा गुपचूप जागेवर येऊन बसला.

"नेहमीच जातो का असा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही हो. दमले की जातो, नाहीतर तंद्री लागली की." आई तिकीट खिडकीवर काम करायची. "संध्याकाळी 'पुढचे या' म्हटलं की दोन माणसं पुढे येतात. परवा तर भांडलीच."

डॉक्टर हसल्या. सोबत आलेली मुलगी हसली नाही. नोकरीला लागलेली, चांगली मोठी मुलगी. पण खुर्चीतून वाकून लहान पोरीसारखी आईच्या डोळ्यात बघत होती.

"हा डोळा बाहेर गेला की आई नक्की कुठे बघत असते?"

"उजवा असतो तिथे. बाहेर गेलेल्याचं मेंदू त्या वेळी मनावरच घेत नाही."

"म्हणजे हा ज्याच्याकडे वळलेला दिसतो, त्याच्याकडे ती बघत नसते?"

"मुळीच नाही."

मुलगी मागे टेकली. मग आईला म्हणाली, "जेवताना दादा तुझ्या डाव्या हाताला बसायचा. मी समोर. मी शाळेतलं काही सांगायला लागले की तुझा डोळा त्याच्याकडे जायचा. मग मी बोलायचीच थांबायचे."

"अगं, मी तुझ्याकडेच बघत असायचे," आई म्हणाली. "मला वाटायचं, तुझं सांगून झालं."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून मुलीच्या हातात दिलं. "आधी व्यायाम करून बघू. नाहीच जमलं तर ऑपरेशन. हे त्यांच्या समोर धरा आणि हळूहळू नाकाजवळ न्या."

मुलीने पेन धरलं. आईचे दोन्ही डोळे त्याच्याबरोबर आत आत येत गेले. नाकापाशी डावा निसटला.

"दोन पेनं दिसायला लागली," आई म्हणाली.

"पुन्हा करू."

या वेळी दोन्ही डोळे शेवटपर्यंत टिकले. आईच्या डोळ्यांत ताणाने पाणी आलं, तरी तिने नजर हलवली नाही.

"छान. रोज थोडा वेळ पुरे," डॉक्टर म्हणाल्या.

मुलीने पेन खाली घेतलं नाही. "जास्त वेळ केलं तर चालतं?"