सायप्रसचा साहेब

इन्शिराहने सकाळपासून तळणाची कढई दोनदा घासून घेतली होती. कंपनीचा माणूस अलेक्झांड्रियाच्या गाडीने येणार होता. तिचे थोरले दीर हाजी बदरावी त्याच्या आधीच येऊन दाराजवळच्या टेबलापाशी बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा आशूर. त्याने नवा सूट घातला होता, जणू दुकानाचा ताबा घ्यायलाच आला होता.

दमनहूरमध्ये ‘कोस्टाकी चिकन’सारखं दुसरं दुकान नव्हतं. कैरोत असली परदेशी दुकानं निघाली होती म्हणे, पण कोंबडी खायला कैरोला कोण जाणार? इथे कामाला असलेल्या मुलींना गणवेश होता, टोप्या होत्या, भिंतीवर मिशाळ कोस्टाकीचं चित्र होतं. फ्रँचायझी इन्शिराहच्या नावावर होती. नाव, मसाला आणि नियम सायप्रसच्या कंपनीचे, राबायचं तिने. मसाल्याची पोती आणायला ती स्वतः अलेक्झांड्रियाला जायची.

नियम कडक होते. नातेवाइकांना फुकट प्लेट नाही. उधारी नाही. गल्ल्यावर घरच्या पुरुषाने बसायचं नाही. तिचा नवरा सब्री हे नियम लोकांना मोठ्या आवाजात वाचून दाखवायचा आणि स्वतःच हसायचा.

सब्री गेला. मूल एकच, तेही मुलगी, नाहेद. त्यामुळे शरियतप्रमाणे वारशात दिरांचाही वाटा निघाला. जागेतला वाटा इन्शिराहने निमूटपणे दिला आणि त्याचं भाडंही ती वेळच्या वेळी पोचवत होती. पण हाजींना धंदाच आशूरच्या हाती हवा होता. दुकान चालवायचा हक्क वारशाने येत नाही, कंपनी तो माणूस पाहून देते, असं तिने परोपरीने सांगितलं. हाजींनी नुसती जपमाळ ओढली होती.

“हे तू म्हणतेस, नाहेदची आई,” ते शेवटी म्हणाले होते. “मला खवागाच्या तोंडून ऐकायचंय. तो परदेशी साहेब इथे येऊन सांगू दे.”

म्हणून आजचा दिवस उगवला होता. खवागा एका शब्दाने जरी चुकला, तरी संध्याकाळी किल्ल्या आशूरच्या खिशात जाणार हे इन्शिराहला ठाऊक होतं. ती डोक्यावरचा रुमाल घट्ट बांधून दारात उभी राहिली.

मिस्टर स्तावरो टॅक्सीतून उतरला. राखी सूट, पांढरी हॅट, मानेवर घाम. त्याचं अरबी पार मोडकं होतं. आत येता येता त्याने हाजींना “तू कशी आहेस?” असं विचारलं, आणि गणवेशातल्या मुलींनी तोंडं फिरवली.

मग तो कामाला लागला. फळीखालून बोट फिरवून त्याने ते उजेडात धरलं. तेलाचा वास घेतला. तळलेली तंगडी मोडून हाडापाशी मांस लाल राहिलंय का ते पाहिलं. आशूर मधेच उठून गल्ल्यामागच्या स्टुलावर टेकला होता. त्याच्यापाशी येऊन स्तावरो थांबला आणि हा कोण म्हणून विचारलं. घरचाच, असं हाजी म्हणाले. घरचा असेल तर घरी, असं सांगून स्तावरोने त्याला उठवलं.

हाजींनी कॉफी मागवली. बाजार हा पुरुषांचा असतो, व्यापारी लबाड असतात, आशूर कॉमर्स शिकलेला आहे आणि भावजयीला घरात काही कमी पडू देणार नाही, हे सगळं त्यांनी सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. कंपनीने फक्त नाव बदलून द्यावं.

स्तावरोने कप खाली ठेवला.

“हक्क मादामला दिला,” तो म्हणाला. “मादाम नाही, तर दुकान नाही. पाटी मी काढणार, मसाला मी नेणार. भिंती तुझ्या. भिंती तळून खा.”

हाजींशी दमनहूरमध्ये असं कोणी बोललं नव्हतं.

हाजी हसायला लागले.

“ऐकलंस, आशूर? शब्द असा असतो. तुझी काकू हेच सांगत होती, तर मला वाटलं बाईमाणसाची पळवाट.” मग ते खुर्ची ओढून पुढे सरकले आणि आवाज खाली आणला. “साहेब, रशीद गावात आमचं एक गोदाम रिकामं पडलंय. भररस्त्यावर आहे. तिथली फ्रँचायझी मला द्या. सगळे नियम पाळीन, अल्लाशपथ.”

स्तावरोने रुमालाने मान पुसली आणि इन्शिराहकडे पाहिलं.

“कंपनी कळवेल,” इन्शिराह म्हणाली.

दुपारी त्याला स्टेशनवर पोचवायला ती एकटीच गेली. फलाट रिकामा होता. लांबून गाडी दिसली तशी त्याने हॅट काढली, टाय सैल केला आणि अस्सल अलेक्झांड्रियाच्या बोलीत म्हणाला, “शाळेच्या नाटकांत जन्मभर खवागाच केला हो ताई, पण एवढा घाम कधी फुटला नाही. आणि आता त्या रशीदच्या दुकानाचं काय करायचं? सायप्रसमध्ये कंपनी तर सोडाच, आपलं काळं कुत्रंसुद्धा नाही.”

“देऊ की त्यांना,” इन्शिराह म्हणाली. “फक्त उद्या तुमच्या त्या मोडक्या अरबीत हाजींना फोन करा. त्यांच्या दुकानावर कंपनीने तपासनीस नेमलाय म्हणावं, आणि माझं नाव सांगा.”