जबाबदार कर्मचाऱ्याचे नाव

“तेविसावी!” म्हणत कारकुनाने आणखी एक तक्रार लोकपालबाईंच्या टेबलावर ठेवली. “टाकीखालची गल्ली. पुन्हा तोच मुकादम.”

बाईंनी चष्मा लावला. तेव्हा तक्रारी हातानेच लिहिल्या जात. कित्येक वाचताना डोळे दुखत, पण ही कशी मोत्याच्या दाण्यांसारखी उतरली होती. सहा महिने नळाला वास मारणारे पाणी. पिण्याचा पाइप गटाराला चिकटून गेलेला, तिसऱ्या खांबापाशी फुटलेला. चार मुले दवाखान्यात, त्यातले एक घरी परत आलेच नाही. खाली, ‘जबाबदार कर्मचारी’ या रकान्यात, पाणीखात्याच्या मुकादमाचे नाव ठळक अक्षरांत.

“सगळ्या तक्रारी एकाच हातच्या दिसतात,” बाई म्हणाल्या.

“असेल कुणी रिटायर मास्तर. अशा गल्लीत लिहिणारा एक आणि बाकी सगळे अंगठेबहाद्दर! पण लिहितो झकास हं. वकील व्हायचा राहून गेला बिचारा.”

बाईंना त्यात वावगे वाटले नाही. वीस वर्षांत असे लिहिणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कचेरीचे नियम दोनच. तक्रार रहिवाशाची हवी, नगरपालिकेच्या नोकराची चालणार नाही. आणि तिच्यात जबाबदार माणसाचे नाव हवे. बिननावाचा कागद आल्या पावली परत जाई, कारण ‘खाते’ म्हटले की सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, हे बाई अनुभवाने शिकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुकादम हजर झाला. पन्नाशी उलटलेला, टाचांना चिखल.

“बसा.”

“उभाच बरा आहे, बाई. खुर्ची मळेल.”

“पाइप फुटलाय हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“सात महिने झाले.”

बाईंनी वर पाहिले. लोकांची तक्रार सहाच महिन्यांची होती. “साहेबांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं होतं. बघू म्हणाले.”

“काही लेखी?”

“लेखी दिलेलं साहेब घेत नाहीत.”

बाईंनी साहेबांना आधीच विचारले होते. त्यांनी सरळ कानावर हात ठेवले होते.

“बरं. तुमचा जबाब लिहून द्या.”

बाईंनी पुढे केलेल्या पेनाकडे मुकादमाने पाहिले आणि हात मागे घेतला. “तुम्हीच लिहा. मी खाली सही करतो.”

“नोकरी चाललीय आणि याचा हात काही हलत नाही,” कारकून पुटपुटला. “आळसाने कळस गाठला!”

बाईंनी पेन खाली ठेवले. माणूस गुन्हेगार असला तरी त्याला अंधारात ठेवायचे नाही, ही त्यांची रीत होती.

“हे बघा, जबाबदारी ठरली की पाइप तीस दिवसांत बदलावाच लागतो. आणि जबाबदार माणूस घरी जातो. तुमची दीड वर्ष नोकरी राहिलीय. पेन्शनही बुडेल. घरी कोण असतं?”

“बायको. अंथरुणाला खिळलीय.”

“मग स्वतःच्या बाजूने दोन शब्द तरी बोला! साहेबांवर चौकशी लावायची असेल तर तसं सांगा. वर्ष जाईल, पण लावू.”

“वर्ष नको,” तो घाईने म्हणाला. मग त्याने विचारले, “तीस दिवसांत पाइप नक्की बदलतील ना?”

“माझी सही झाली की कुणाची टाळाटाळ चालत नाही.”

“मग करा सही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक मूल गेले, आणि हा असा उभा, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलणे चालले आहे. लाज नाही, पश्चात्ताप नाही! शाई फुटेपर्यंत दाबून त्यांनी सही केली. तरी रात्री जेवताना मनात येत राहिले. अंथरुणावरच्या त्या न पाहिलेल्या बाईने काय केले होते? शेवटी त्यांनी मनाला बजावले, मेलेल्या मुलाच्या आईने तरी काय केले होते?

सत्ताविसाव्या दिवशी नवा पाइप पडला. निकाल दिला की काम डोळ्यांनी पाहून यायचे, ही बाईंची जुनी सवय. त्या गल्लीत गेल्या. नळाला लख्ख पाणी होते. पहिली तक्रार जिच्या नावाची होती, ती आजी दारात भांडी विसळत बसली होती. बाईंनी आपण कोण ते सांगितले, तशी तिने पदराला हात पुसून त्यांना आत नेले आणि पेलाभर पाणी दिले. बाई घटाघटा प्यायल्या. कित्येक दिवसांत त्यांना इतके हलके वाटले नव्हते.

“आजी, तुमच्या त्या मास्तरांना भेटायचंय मला.”

“कोण मास्तर?”

“तक्रारी लिहून द्यायचे ते. खरं श्रेय त्यांचं.”

“मास्तर कसला, बाई! आमचा मुकादम लिहायचा. काम सुटलं की या पायरीवर बसायचा आणि एकेकाला हाक मारून अंगठा घ्यायचा. मी म्हटलं, अरे मेल्या, त्यात स्वतःचं नाव कशाला घालतोस? तर म्हणतो कसा, ‘आजी, साहेबाचं घातलं तर तो वर्षभर भांडत बसेल. माझं घातलं की मी लगेच कबूल करीन.’”

बाईंनी पेला खाली ठेवला.

“पाणी आलं, पण तो काही फिरकला नाही,” आजी म्हणाली. “तुम्ही तिकडच्याच ना? भेटला तर एवढा निरोप द्या. पलीकडच्या गल्लीलाही तसलंच पाणी येतंय. त्यांनाही त्याच्यावर एक तक्रार लिहून हवी आहे.”