दादा मागून येतोय

"एकटीच?" घरमालकिणीनं विचारलं, आणि आईनं पढवून ठेवलेलं वाक्य धाकटीच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"नाही. दादा मागून येतोय."

पाठीवरची सॅक अजून उतरवलीही नव्हती. परका देश, परकं शहर, बसमधून उतरल्यापासून तीन गल्ल्या चुकून झालेल्या, आणि तिला नि घरमालकिणीला, दोघींनाही धड न येणाऱ्या भाषेत चाललेलं हे बोलणं. पण तेवढं वाक्य मात्र चोख आलं. कुणीही विचारलं की असंच सांगायचं, म्हणजे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची छाती होत नाही, असं आईचं ठाम मत होतं. खरा दादा या घटकेला घरी टीव्हीसमोर लोळत पडला असणार.

"बरं झालं," घरमालकीण म्हणाली. पन्नाशी उलटलेली बाई, हातात किल्ल्यांचा जुडगा. "पुरुषमाणूस सोबत असलेलं बरं. आमचे हे वर असतात. गुडघे धरलेत, फारसे खाली उतरत नाहीत. पण कान तिखट आहेत हो!" तिनं जिन्याकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंत का? पाहुणी आलीय!"

वरून उत्तर आलं नाही. पण उंबऱ्याशी मोठ्या मापाचे, पॉलिश केलेले काळे बूट होते. ते पाहून धाकटीला जरा हायसं वाटलं.

खोली स्वच्छ होती. पलंग, खुर्ची, खिडकीला गज. दाराला आतून कडी मात्र नव्हती. कडीच्या जागी नुसती चार भोकं.

"कडी कुठंय, मावशी?"

"बाहेरच्या दाराला आहे की. चांगली भक्कम. अंधारून आलं की लावते मी." मग काहीतरी आठवून ती थबकली. "आज मात्र तुझा भाऊ आल्यावर लावू. बेल बिघडलीय, आणि मागे स्वयंपाकघरात दारावरची थाप ऐकू येत नाही. उगाच बिचारा बाहेर ताटकळायचा."

धाकटी घाईघाईनं म्हणाली, "लावून टाका ना. त्याला उशीर होईल."

"छे! पोरगा रस्त्यावर आणि मी कडी घालून बसू?"

झालं. ज्या दादानं राखण करायची, त्याच्याच पायी दार सताड उघडं.

बाहेर दिवे लागले. दोघी पुढच्या खोलीत बसल्या. घरमालकिणीनं ट्रेमध्ये तीन कप चहा आणला होता. एक तिचा, एक धाकटीचा, आणि एक बशीनं झाकलेला, दादाचा. गल्लीत कुणाची पावलं मंदावली की धाकटी कप खाली ठेवून दाराकडे बघायची. आता खरं सांगावं, असं तिच्या दहादा मनात आलं. पण या बाईला सांगायचं म्हणजे वरच्या तिखट कानांनाही सांगायचं. घरमालकीणही काही निवांत नव्हती. हातातला जुडगा सारखा किणकिणत होता.

मग एक माणूस दाराशी येऊन उभा राहिला. एक हात चौकटीवर.

"खोली आहे?"

"नाही. भरलंय सगळं," घरमालकीण म्हणाली.

"बघू तरी." तो खोल्यांकडे बघतच नव्हता. आधी त्यानं धाकटीकडे बघितलं, मग घरमालकिणीकडे, आणि मग एक पाय उंबऱ्याच्या आत आला.

"अहो!" घरमालकीण जिन्याकडे बघून ओरडली. "जरा खाली या! बघा कोण आलंय!"

धाकटीनं फोन कानाला लावला. त्यात इथलं सिमसुद्धा नव्हतं. "हॅलो, दादा? कोपऱ्यावर आलास? ये, ये, दार उघडंच आहे. मित्रही आहेत बरोबर? सगळेच या!" जन्मात पहिल्यांदा ती दादाशी परक्या भाषेत बोलत होती, तीही मोडकीतोडकी. त्या माणसाला कळायला हवं होतं ना.

माणसानं जिन्याकडे पाहिलं. मग मागे वळून गल्लीच्या कोपऱ्याकडे. आत आलेला पाय त्यानं काढून घेतला आणि चालू लागला.

दोघी जागच्या जागी बसून राहिल्या. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. कोपऱ्यावरूनही कुणी आलं नाही. चहावर साय धरली.

धाकटीचं आता अवसानच गळालं. "मावशी, कडी लावा. कुणी येणार नाहीये. मी एकटीच आहे."

आईनं कधीही बोलायचं नाही म्हणून बजावलेलं वाक्य बोलून झालं होतं. आता ही बाई काय करते, या भीतीनं ती खुर्चीच्या कडेवर सरकली.

घरमालकीण उठली. घाईत कडी पहिल्या खेपेला बसलीच नाही. दुसऱ्या खेपेला बसली. मग ती परत येऊन खुर्चीत धपकन बसली, दादाच्या कपावरची बशी काढली आणि गार झालेला तो चहा एका दमात पिऊन टाकला.

धाकटी रिकाम्या ट्रेकडे बघत राहिली. आले होते तीनच कप. तिनं जिन्याकडे पाहिलं. वर दिवाही नव्हता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "काकांना चहा नाही द्यायचा?"

घरमालकिणीनं तोंड पुसलं.

"तुझा दादा येतोय ना," ती म्हणाली, "तेही त्याच गाडीनं येतायत."