हौसाची जागा

हौसा गेल्याचं कळलं, तेव्हा धरणग्रस्तांच्या आंदोलनातल्या बायका कचेरीसमोरून तशाच उठून तिच्या नवऱ्याच्या, दौलूच्या दारात आल्या. “पंचवीस वर्षं तिथं बसून काय मिळालं गं?” असं तो हौसाला नेहमी विचारायचा. ती नुसती हसायची.

तिचे दिवस झाल्यावर तो पहिल्यांदाच कचेरीसमोरच्या धरण्यावर गेला आणि सतरंजीवर टेकला.

“अवं दाजी, पाटलांच्या ओसरीत काय बसताय?” जुनी शेजारीण ओरडली. “आपली घरं इकडं!”

पाच वसाहतींत पांगलेली माणसं इथं बुडालेल्या गावातल्या घरांच्या क्रमानं बसली होती. हौसाची जागा मोकळीच होती. दौलूनं तिथं बसून डोळे मिटले. चुलीचा धूर दाटला. शेजारणीनं भिंतीपलीकडून विस्तव मागितला आणि हौसा म्हणाली, “आले गं.”

पुनर्वसनाची जमीन अजून मिळालेली नाही.